माझ्या बाजूचा ब्रेक

२ फेब्रुवारी

ही डायरी विमा कंपनीची, तीन वर्षांपूर्वीची. टेबल रिकामं करताना ड्रॉवरच्या तळाशी सापडली. कोरी आहे. छापलेले वार चुकतात, तारखा बरोबर येतात. आपण तारखेने चालायचं.

आजपासून नवीन आयुष्य. वस्तुस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. नोकरी मी सोडली. घर मी सोडलं (घर तिचं होतं). आणि संबंध, नीट पाहिलं तर, तेही मीच संपवले. बोलून दाखवायचं काम तेवढं तिने केलं.

सहा वर्षांनंतर तिने दिलेलं कारण जसंच्या तसं: तुझ्याबरोबर मला साधी एक चूकसुद्धा करायला मिळाली नाही. ही तक्रार आहे की सर्टिफिकेट? मी त्या वेळी काही बोललो नाही. मी सहसा त्या वेळी बोलत नाही. पण उत्तर तयार आहे.

तिच्याबद्दल या डायरीत यापुढे एक अक्षर येणार नाही.

मुक्काम ताईकडे, मागच्या खोलीत. खोलीत एक कॉट, भाऊजींचं ट्रेडमिल आणि त्यावर वाळत घातलेले टॉवेल. उद्यापासून रोज सकाळी धावणार.

३ फेब्रुवारी, सकाळी

ट्रेडमिल चालू होत नाही. भाऊजी म्हणाले, ते कधी चालू होतं? आणलं तेव्हा दोन दिवस गुरगुरलं आणि मग गप्प बसलं, अगदी तुमच्यासारखं. भाऊजींचे विनोद असे असतात. मी हसलो नाही. ताई हसली.

७ फेब्रुवारी

नोकरी मिळाली! ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षक. त्यासाठीची परीक्षा मी डिसेंबरातच दिली होती, कुणाला न सांगता. तिलाही नाही. सरप्राइज द्यायचं होतं. दिलं नाही ते बरंच झालं. तिने ते अर्ध्यात उघडलं असतं.

स्कूल म्हणजे औषधाच्या दुकानाला लागून एक गाळा. दोन गाड्या, एक टेबल, भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो. मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. मॅडम म्हणाल्या, तुम्ही फार बोलत नाही हे बरं आहे, आमच्याकडे येणारी माणसं आधीच घाबरलेली असतात. एप्रिलपर्यंत बघू. तुमचे विद्यार्थी पास झाले की तुम्ही पास.

मला एवढंच सांगायचं होतं की अपघात-दाव्यांच्या विभागात मी नऊ वर्षं काढली आहेत. कुठल्या चौकातला कुठला खांब कुणी पाडला, हे मला तोंडपाठ आहे. अपघात माझ्याइतके कुणी वाचलेले नाहीत. माझ्या गाडीत एकही होणार नाही. पण मॅडमना फोन आला, म्हणून मनातच सांगितलं.

८ फेब्रुवारी

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर प्रशिक्षकाने दाबायचा. इतकी सुंदर सोय माणसाने दुसऱ्या कुठल्याच बाबतीत का केली नाही, कळत नाही.

दुसऱ्या गाडीवरचे प्रशिक्षक म्हणजे काका. सगळे त्यांना काकाच म्हणतात. हा मनुष्य शेजारच्या सीटवर मांडी घालून बसतो! पाय पेडलच्या जवळपाससुद्धा नाहीत. शेंगदाणे खातो, मध्येच पेंगतो. शिकणारे किंचाळत असतात. मी नम्रपणे विचारलं, काका, मांडी का? तर म्हणाले, गुडघा सरळ होत नाही. एवढंच. कसली पद्धत नाही, विचार नाही. अशा लोकांमुळे या व्यवसायाचं नाव खराब होतं. मी ते सुधारणार.

११ फेब्रुवारी

पहिली विद्यार्थिनी. निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्याच मिनिटाला माझं नाव मास्तर ठेवून मोकळ्या झाल्या, आणि मी त्यांना बाई म्हणू लागलो. बाईंचे यजमान गेल्या वर्षी गेले. गाडी तेच चालवायचे. ती आता दारात उभी असते. बाई रोज सकाळी ती पुसतात, चालू करतात, थोडा वेळ आत बसतात आणि बंद करून घरात जातात. म्हणाल्या, मास्तर, मला ती फाटकाच्या बाहेर काढायची आहे, बाकी माझ्या काही फार अपेक्षा नाहीत.

काढू. आपण बसलोय कशाला.

१६ फेब्रुवारी

बाईंची प्रगती थक्क करणारी. गाडी आचका देत नाही, बंद पडत नाही. थांबायचं झालं की बाई वर्गातल्या आवाजात म्हणतात, थांब! आणि गाडी थांबते. लोण्यातून सुरी फिरावी तशी. बाई म्हणाल्या, चाळीस वर्षं पोरांना थांब म्हणत आले, कुणी थांबलं नाही, ही पहिली ऐकतेय.

मी अर्थातच थोडी मदत करतो. पाय ब्रेकवर हलकासा. कळतसुद्धा नाही. चांगल्या शिक्षकाचं लक्षण हेच.

१९ फेब्रुवारी

ताई म्हणाली, अरे, रडायचं असेल तर एकदा नीट रडून घे, भिंतीला पाठ लावून बसतोस आणि टॉवेलकडे बघतोस, मला दूध उतू गेल्यासारखी धडकी भरते. मी म्हटलं, मला काहीही झालेलं नाही. ती म्हणाली, तेच तर.

मी पूर्ण सावरलेलो आहे. पुरावा: आज मी तिचा नंबर फोनमधून काढून टाकला. नंतर फक्त एवढंच बघितलं की तो अजून पाठ आहे का. आहे. मग तो लागतो का एवढंच बघितलं. लागतो. उचलायच्या आत ठेवला. चाचणी म्हणून ठीक.

२० फेब्रुवारी

तिचा मेसेज: काही काम होतं का?

उत्तर दिलं नाही. झुरू दे.

२० फेब्रुवारी, दुपारी

उत्तर दिलं. चुकून लागला, असं लिहिलं. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. सहा वर्षं!

२६ फेब्रुवारी

दुसरा विद्यार्थी. याचं लग्न ठरलंय, म्हणून स्कूलमध्ये सगळे त्याला नवरदेव म्हणतात. लग्नानंतर बायकोला शेजारी बसवून लांबच्या प्रवासाला न्यायचं, हे स्वप्न. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने हवेत पडद्यांचे रंग दाखवतो. काल तिच्याशी भांडण झालं म्हणे, पडद्यांवरून. मला विचारलं, सर, तुमचा काय अनुभव? मी म्हटलं, आरशात बघा.

तोही उत्तम चालवतो. माझ्या गाडीत सगळेच उत्तम चालवतात. नवरदेव म्हणाला, सर, मला वाटलं होतं ड्रायव्हिंग अवघड असतं. विद्यार्थ्याचा आत्मविश्वास हीच आपली पावती.

काकांची गाडी आज फुटपाथवर चढली. काका जागे झाले, बाहेर बघितलं, म्हणाले, उतरव आता, चढवलास तसा. पुन्हा शेंगदाणे.

४ मार्च

ती आली आहे.

शांतपणे लिहितो. सकाळी बाईंची वाट बघत गाळ्याच्या दारात उभा होतो. काकांच्या गाडीतून ती उतरली. ड्रायव्हरच्या बाजूने! हातात शिकाऊ लायसन्स. मला बघून दचकली नाही. म्हणाली, अरे, तू इथे असतोस? मला माहीत नव्हतं, ऑफिसजवळचं हेच स्कूल आहे ना.

माहीत नव्हतं म्हणे! शहरात एवढी स्कूलं असताना नेमकं हेच? मी समजायचं ते समजलो. सहा वर्षं तिला मी आणलं, नेलं. पाऊस असो, ऊन असो, ऑफिसच्या फाटकाशी माझी गाडी उभी. तिने कधी शिकते म्हटलं की मी म्हणायचो, कशाला, मी आहे ना. आता मी नाही, तर बघा, ड्रायव्हिंग शिकण्याची वेळ आली. आणि शिकायला आली ती माझ्याच दारात.

चेहरा अगदी कोरा ठेवला. बाई गाडीत बसल्यावर म्हणाल्या, मास्तर, तुमचा चेहरा पेपर फुटल्यासारखा का झालाय?

५ मार्च

मॅडमना सुचवलं की नवीन विद्यार्थिनीला काकांऐवजी माझ्याकडे द्यावं, सुरक्षिततेच्या दृष्टीने. मॅडम म्हणाल्या, मी तेच विचारलं होतं तिला. ती म्हणाली, मला ते मांडीवालेच हवेत.

काकांची काय भुरळ पडली आहे लोकांना!

ट्रेडमिलवरचे टॉवेल काढायला ताईला सांगितलं होतं. काढले. आता तिथे माझे शर्ट आहेत.

१० मार्च

आज एक किरकोळ प्रसंग घडला. नोंद म्हणून लिहितो.

चौकात सिग्नलला आमची गाडी, बाई चालवतायत. समोरून काकांची गाडी वळत होती, स्टिअरिंगवर ती. वळताना तिने फार उशीर केला. मागून टेम्पो. मला सगळं दिसत होतं, आता ब्रेक, आता, आता! आणि मी ब्रेक मारला.

माझ्या गाडीचा.

तोवर आमचा सिग्नल सुटला होता आणि बाई चौकाच्या मधोमध पोचल्या होत्या. गाडी तिथेच खिळली. चारी बाजूंनी हॉर्न. बाई स्टिअरिंगवर ताठ बसून म्हणाल्या, मी थांब म्हटलंच नाही! मी म्हटलं, क्लच. बाई म्हणाल्या, क्लचचं काय? मी पुन्हा म्हटलं, क्लच. संशयाने बघत राहिल्या. परीक्षेत कॉपी पकडायच्या आधी बघत असाव्यात तशा.

तिची गाडी चौकातच बंद पडली. टेम्पोवाला खिडकीतून बाहेर येऊन बरंच काही बोलला. ती हसत होती. टेम्पोवाल्याला हात करून, सॉरी सॉरी म्हणत, पुन्हा चावी फिरवत होती, पुन्हा आचका, पुन्हा बंद. घामाघूम. आणि हसत होती. शेजारी काका मांडी घालून.

माझ्या गाडीत ती अशी कधी हसली नाही. तसा प्रसंगच मी येऊ दिला नाही.

१५ मार्च

गाडीचे ब्रेक सर्व्हिसिंगला आले. गॅरेजवाला खाली वाकून बघत होता. म्हणाला, साहेब, गंमत बघा, तुमच्या बाजूच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय, आणि शिकणाऱ्याच्या बाजूचं कोरं करकरीत, जणू दुकानातून आणलंय.

मेहनत कुठेतरी दिसतेच. मॅडमना आवर्जून सांगितलं. मॅडम थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

२१ मार्च

उद्या ड्रायव्हिंग टेस्ट. बाई, नवरदेव आणि ती, तिघांची एकाच दिवशी. माझे दोन्ही विद्यार्थी पास होणार यात शंका नाही. फोटोंसाठी भिंतीवर जागा बघून ठेवली. काकांच्या विद्यार्थिनीचं अवघड दिसतं. ती नापास झाली की मी काय करायचं तेही ठरलंय. जवळ जायचं. खांद्यावर हात नाही. फक्त म्हणायचं, हरकत नाही, पुढच्या वेळी माझ्या गाडीत बस. बाकी तिला कळेल.

निळा शर्ट इस्त्री करून ट्रेडमिलवर.

२२ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

टेस्टचं मैदान. पांढरे पट्टे, प्लॅस्टिकचे ड्रम, एक छोटा चढ. परीक्षक टोपीवाले, तोंडात लवंग. टेस्ट त्यांच्या गाडीत. त्या गाडीत शेजारी पेडल नसतात, हे मला माहीत होतं. त्याचा विचार केला नव्हता इतकंच.

आधी बाई. सुरेख निघाल्या. पहिल्या ड्रमपाशी आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, थांब! मैदानभर ऐकू गेलं. दोन-तीन माणसं थांबली. गाडी थांबली नाही. ड्रम उडाला. बाई म्हणाल्या, थांब म्हटलं ना! दुसरा ड्रम. त्यांचा पाय ब्रेकवर होता. मी गाडीबरोबर धावत खिडकीतून पाहिला. नुसता ठेवलेला, फुलावर ठेवावा तसा. तिसऱ्या ड्रमला परीक्षकांनी हँडब्रेक ओढला. त्यांची लवंग बाहेर पडली.

नवरदेव रिव्हर्समध्ये गेला तो गेलाच. कुंपणापाशी सापडला. उतरून फोनवर सांगत होता, नाही गं, शिकवणाराच तसा मिळाला.

मग ती. चढावर गाडी बंद पडली. मागे घरंगळली. मी मैदानाच्या कडेला उभा होतो आणि माझा पाय मातीत रुतला. तिने ब्रेक मारला. कच्चकन. तोंडाने काहीतरी पुटपुटली, बहुधा शिवी. पुन्हा चालू केली, वर चढवली, उतरवली, पट्ट्याला घासून उभी केली. पास.

मी जवळ गेलो. ठरलेलं वाक्य उपयोगाचं नव्हतं. दुसरं तयार नव्हतं. ती म्हणाली, मी पास झाले! मी म्हटलं, हँडब्रेक लावायचा राहिला.

बाई बाकावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. म्हणाल्या, मास्तर, खरं सांगा, इतके दिवस गाडी कोण थांबवत होतं? मी म्हटलं, तुम्हीच, मी फक्त थोडा... बाई म्हणाल्या, म्हणजे मी चालवतच नव्हते. माझा पेपर तुम्ही लिहीत होतात.

वाक्य आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. आठवलं नाही. आठवायचा प्रयत्न केला नाही.

२३ मार्च

मी माझ्या मतावर ठाम आहे. माझ्या गाडीत एकही अपघात झाला नाही. ड्रम पडले ते दुसऱ्याच्या गाडीत. रेकॉर्ड साफ आहे.

मॅडमना हे पटलं नाही. गॅरेजवाल्याला बोलावून माझ्या बाजूचा ब्रेक काढायला सांगितला. म्हणाल्या, या माणसाच्या पायाला औषध नाही, पेडलच नको. गाडी मैदानाबाहेर काढायची नाही, वेग चालण्याचा, आणि हँडब्रेक आहेच तुमच्या हाताशी. एप्रिलअखेर बाई पास झाल्या तर तुम्ही राहा, नाहीतर विमा कंपनीत जागा आहे का बघा. गॅरेजवाल्याने दोन बोल्ट फिरवले आणि पेडल माझ्या हातात दिलं. माझं सगळं करिअर दोन बोल्टवर उभं होतं.

ताईला दाखवलं. ताई म्हणाली, हे घरी कशाला आणलंस? भाऊजी म्हणाले, राहू दे, ट्रेडमिलला लावू, त्याला तेवढाच कमी होता.

२७ मार्च

वाटलं होतं बाई येणार नाहीत. आल्या. म्हणाल्या, विद्यार्थी अर्धवट सोडलेला मला चालत नाही, मास्तरही नाही. बसा.

गाडी सुटली. मैदान रिकामं, समोर एक कचऱ्याचा डबा, बराच लांब. बाई म्हणाल्या, थांब! माझा पाय खाली गेला. खाली काही नव्हतं. पाय तसाच हवेतून गाडीच्या तळावर आपटला. डबा आडवा झाला. मी हँडब्रेककडे हात नेला, बाईंनी तो चापटी मारून बाजूला केला. आणि मग स्वतः दाबला. कच्चकन. माझं कपाळ काचेला.

बाई म्हणाल्या, अगं बाई, ब्रेक इतका घट्ट असतो होय? आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, आमचे हे अगदी असेच होते. मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही कधी. म्हणायचे, तू बस निवांत, मी आहे ना. आता ते नाहीत आणि गाडी आहे. मी काय करू त्या निवांतपणाचं?

फार सज्जन गृहस्थ असावेत.

३ एप्रिल

कपाळाला टेंगूळ. बाईंची गाडी आज बऱ्याच वेळा बंद पडली. मी मांडी घालून बसायला शिकतोय. पायाला मुंग्या येतात, पण पाय जागेवर राहतात. काकांनी खिडकीतून बघितलं आणि विचारलं, काय रे, तुझाही गुडघा गेला?

६ एप्रिल

तिचा मेसेज. जसाच्या तसा: तुझी गाडी विकणार आहेस असं काकांकडून कळलं. मला घ्यायला आवडेल. सवयीची आहे.

गाडी विकायचा विषय मी काकांकडे फक्त वैतागून काढला होता. पण शब्द बघा. आवडेल. सवयीची. गाडी हे निमित्त आहे, हे शाळकरी पोरालाही कळेल. ताईला वाचून दाखवलं. ताई म्हणाली, तिला गाडी हवी आहे रे बाबा. भाऊजी म्हणाले, मेव्हणे, हो म्हणा, आमच्या फाटकातली जागा तरी मोकळी होईल. यांना माणसं वाचता येत नाहीत.

हो म्हटलं. भाषण तयार करतोय. सुरुवात: मी तुला दोष देत नाही.

१२ एप्रिल

बाई पास! दुसऱ्या खेपेला. आचके देत, एक ड्रम हलवून, पण पडू न देता. तोंडातून थांब अजून निघतं, पण पायही जातो. मॅडमनी मला ठेवून घेतलं. भिंतीवर बाईंचा फोटो लागला, वर्गाच्या फोटोत बसतात तशा ताठ. माझ्यामुळेच झालं, असं मी कुणाला म्हटलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही.

संध्याकाळी बाईंचा फोन. म्हणाल्या, मास्तर, फाटकाबाहेर काढली. मी म्हटलं, छान, मग कुठे गेलात? म्हणाल्या, कुठेच नाही, जरा बाहेर उभी केली आणि बसले. फाटक बाहेरून कधी बघितलंच नव्हतं.

१३ एप्रिल, सकाळी

आज ती गाडी न्यायला येणार. गाडी धुतली, आतून पुसली. डॅशबोर्डच्या कप्प्यात तिची केसांची क्लिप होती. ती राहू दिली. गाडीसोबत जाईल. शेजारची सीट तिच्या मापाला पुढे ओढलेली होती, तीही तशीच ठेवली. तिला दिसेल. भाषण पाठ आहे. निळा शर्ट.

१३ एप्रिल, दुपारी

झालं ते लिहितो आणि ही डायरी बंद करतो.

ती आली. कागदांवर सह्या झाल्या. म्हणाली, कंपनीने दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलंय, सोमवारपासून, रोज ये-जा आहे, म्हणून घाई. मी म्हटलं, अच्छा. भाषणाची सुरुवात तोंडाशी आली होती, तेवढ्यात ती म्हणाली, चल, तुला स्कूलपर्यंत सोडते, वाटेवर आहे.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, खाली हात घालून दांडा ओढला आणि सीट कर्रकन पुढे घेतली. सहा वर्षं ती सीट माझ्या मापाला होती. मी शेजारी बसलो. गुडघे डॅशबोर्डला टेकले. ती म्हणाली, मागे घे की. मी म्हटलं, असू दे, बरं आहे असंच.

निघाली. प्रत्येक ठिकाणी ब्रेक उशिरा. शाळेपाशी उशिरा, स्पीडब्रेकरला उशिरा, दूधवाल्याच्या सायकलमागे तर फारच. पण प्रत्येक ठिकाणी लागला. मी एक शब्द बोललो नाही. मला माझा अभिमान वाटला. सिग्नलला ती समोर बघतच म्हणाली, पाय उचल, मॅट फाटेल.

खाली बघितलं. पाय पूर्ण ताणून मॅटवर दाबलेला. मॅट सरकून गोळा झाली होती. केव्हापासून, माहीत नाही.

मांडी घालायला गेलो. सीट पुढे होती, जमली नाही.

स्कूल आलं. उतरलो. भाषण तिथेच करायचं होतं, दार लावण्याआधी. ती वाट बघत होती, खरंच बघत होती, भुवया वर करून. मी म्हटलं, वळताना दुसरा गिअर.

ती म्हणाली, बरं.

क्लिप तिला सापडली की नाही, कळलं नाही. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. इंडिकेटर उशिरा दिला. मी आवाज ऐकत उभा होतो. तिने दुसरा गिअर टाकला नाही. तिसऱ्यातच वळवली.

बंद पडली नाही.